एबीएसचा दिवा विझत नाही? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मोटरसायकलच्या मीटरवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना, ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. मालकाने बहुतेक वेळा निदानही ठरवून आणलेलं असतं: मॉड्युलेटर (ब्रेकचा दाब सोडणारा-देणारा पंप आणि व्हॉल्व्हचा भाग) गेला, आता मोठा खर्च. प्रत्यक्षात मॉड्युलेटर क्वचितच गेलेला असतो. दोष बहुधा चाकापाशी सापडतो, नाहीतर बॅटरीत. म्हणून गाडी उघडण्याआधी मी एकच गोष्ट खोदून खोदून विचारतो: दिवा नेमका कधी लागतो? या उत्तरावर अर्धं काम होतं.

लक्षणं

आधी नीट चालणारी गाडी कशी वागते ते पाहा. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो, आणि गाडी निघून ताशी साधारण ५ ते १० किलोमीटरचा वेग आला की विझतो. उभ्या गाडीवर तो लागलेलाच राहणार, कारण दोन्ही चाकांकडून वेगाचा संकेत येईपर्यंत यंत्रणेची स्वतःची तपासणी पूर्ण होत नाही. हा दोष नव्हे.

दोष असा दिसतो:

- गाडी कितीही चालवली तरी दिवा विझत नाही. फ्यूज, तुटलेली वायर, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मेलेला किंवा त्याच्यासमोरची खाचांची रिंग तुटलेली, म्हणजे कायमचं काहीतरी.
- दिवा विझतो, पण खड्ड्यात आदळल्यावर, हँडल पूर्ण वळवल्यावर किंवा ठरावीक वेगाला परत लागतो. चावी बंद-चालू केली की पुन्हा सगळं ठीक. इथे काहीतरी ढिलं आहे.
- फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागतो आणि वाळल्यावर जातो. कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी.
- गाडी बरेच दिवस उभी राहिली, स्टार्टर कण्हत फिरला आणि मग दिवा लागला. बॅटरी.
- दिव्याबरोबर स्पीडोमीटरही उड्या मारतो किंवा शून्यावर पडतो. बऱ्याच गाड्यांत मीटरला वेग चाकाच्या सेन्सरकडूनच मिळतो, त्यामुळे ही जोडी दिसली की मी सरळ चाकाकडे जातो.
- चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही. याकडे कोणी लक्ष देत नाही, पण हाही दोषच आहे. जुनी गाडी घेताना हे जरूर पाहा. एबीएस बिघडलेलं लपवण्यासाठी दिवाच निकामी केलेला असू शकतो.
- दिवा लागत नाही, पण कोरड्या चांगल्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकवर, गाडी थांबता थांबता लिव्हर थरथरतो आणि ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण मीटर काहीच सांगत नाही आणि सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते.

दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का? बहुतेक गाड्यांत एबीएस बंद पडलं की साधे ब्रेक जसेच्या तसे काम करतात. जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं, एवढाच फरक, पण ओल्या रस्त्यावर हाच फरक माणसाला पाडतो. दुरुस्तीपर्यंत वेग कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. पुढचे-मागचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेल्या गाड्यांत ती जोडणीही बंद पडू शकते. २००१ पासून काही वर्षं बीएमडब्ल्यूने काही मॉडेल्सना विजेच्या पंपाचा जोर असलेले ब्रेक दिले होते. तो पंप बंद पडला की लिव्हर कितीतरी जास्त ताकदीने दाबावा लागतो. अशी गाडी असेल तर ती चालवत नेऊ नका, उचलून न्या.

आतमध्ये काय चालतं, थोडक्यात

चाकाबरोबर खाचा असलेली एक पोलादी रिंग फिरते. तिच्यासमोर, साधारण एक मिलीमीटरवर, सेन्सर असतो. प्रत्येक खाच समोरून गेली की एक ठोका जातो. हे ठोके मोजून कंट्रोल युनिट चाकाचा वेग काढतं. ठोके एकदम विरळ झाले तर चाक जाम होतंय असं समजून ते व्हॉल्व्हने त्या चाकाचा ब्रेक दाब सोडतं, परत देतं, परत सोडतं. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० वर एबीएस आणलं तेव्हाही तत्त्व हेच होतं. म्हणजे युनिटला रस्ता दिसत नाही, फक्त ठोके कळतात. ठोके चुकले की निर्णय चुकतो, किंवा ते स्वतःला बंद करून दिवा लावतं.

पहिली पायरी: दोष खरंच आहे का?

एबीएस बंद करायचं बटण असलेली गाडी असेल तर ते चुकून दाबलं गेलंय का पाहा. अनेक ऑफ-रोड गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं आणि तेव्हाही दिवा लागतो.

दुसरा नेहमीचा प्रकार असा: चेन साफ करताना गाडी स्टँडवर घेतली, इंजिन सुरू करून गिअर टाकला, मागचं चाक फिरलं आणि पुढचं स्थिर राहिलं. युनिटच्या दृष्टीने हे अशक्य आहे, म्हणून ते दोष नोंदवतं. पुढचं चाक हवेत उचलून चालवणाऱ्यांनाही हेच दिसतं. चावी बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा आणि सरळ रस्त्यावर गाडी चालवा. दिवा विझला आणि परत आला नाही तर पुढचं काही करायची गरज नाही.

बॅटरी

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवं. स्टार्टर फिरताना आकडा १० च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन थोडं रेस केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी-जास्त असेल तर चार्जिंग तपासा.

एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह भरपूर करंट ओढतात. व्होल्टेज पडलं तर ऐन वेळी ते नीट काम करतील याची खात्री उरत नाही, म्हणून युनिट आधीच बाजूला होतं आणि दिवा लावतं. त्याचं ते वागणं बरोबरच आहे. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलतात का तेही पाहा. नंतर बसवलेले फॉग लॅम्प, हॉर्न, चार्जर यांच्या वायरी कुठून घेतल्या आहेत ते शोधा. त्या एबीएसच्या सप्लायवर किंवा त्याच्या अर्थिंगच्या बोल्टवर जोडलेल्या सापडल्या तर आधी त्या काढा आणि मग गाडी चालवून पाहा.

फ्यूज

एबीएसला बहुधा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात, पंपाच्या मोटरचा वेगळा आणि व्हॉल्व्ह किंवा युनिटचा वेगळा. मालक एक पाहतो, तो चांगला निघतो आणि तपास तिथेच संपतो. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात नाव बघून सगळे काढा आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवता मीटरने तपासा. बारीक तडा गेलेला फ्यूज वरून धडधाकट दिसतो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचाच घाला. तोही उडाला तर मोठा घालू नका. फ्यूजने वाचवलेली वायर मग स्वतः जळते.

टायर

युनिट पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगांची सतत तुलना करतं. कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा वेगळा टायर घातला तर त्याचा घेर बदलतो आणि दोन वेगांतला फरक कायमचा राहतो. थोडा फरक चालून जातो, जास्त झाला की दिवा. टायर बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर माप वाचा. हवाही पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. चेनचे स्प्रॉकेट बदलल्याने मात्र चाकावरच्या सेन्सरला फरक पडत नाही, त्यामागे वेळ घालवू नका.

सेन्सर आणि रिंग: इथे वेळ द्या

माझ्याकडच्या सर्वाधिक गाड्या इथेच सुटतात, म्हणून घाई करू नका. चाक मोकळं फिरेल असं उचला, टॉर्च घ्या आणि रिंगवर नजर ठेवून चाक हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा.

आधी घाण पाहा. खाचांत चिखल, डांबर किंवा चेनचं ग्रीस बसलेलं असतं. मागच्या चाकावर तर असतंच. काही सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो आणि ब्रेकच्या झिजेतला लोखंडी भुसा त्याला चिकटून राहतो. हा थर ठोके पुसट करतो. मऊ ब्रश आणि स्वच्छ कापडाने सगळं साफ करा. डिस्कवर तेलकट काही उडू देऊ नका.

मग रिंगचा आकार. फिरवताना सेन्सर आणि रिंगमधली फट एका जागी वाढते किंवा घटते का? रिंग पातळ पत्र्याची असते. पंक्चर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकलं, त्यावर पाय दिला किंवा टायर काढायचा पाना तिथे टेकला, की ती वाकते. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा बाकही पुरतो. वर सांगितलेलं थांबता थांबता ब्रेक सुटण्याचं लक्षण बहुतेक वेळा इथूनच येतं: वेग कमी असताना ठोके मुळातच विरळ असतात, वाकलेल्या जागी फट मोठी होऊन त्यांतला एखादा गळतो, युनिटला चाक एकदम अडकल्यासारखं वाटतं आणि ते दाब सोडतं. वेगात ठोके दाट आणि ठळक असतात, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही.

वाकड्या डिस्कमुळेही लिव्हर थरथरतो. ओळखायचं कसं? डिस्कची थरथर चाकाच्या लयीत असते, ती जवळजवळ सगळ्या वेगांना जाणवते आणि गाडी हळू होईल तशी हळू होते. एबीएसची थरथर जलद, कडक असते आणि सीट किंवा टाकीखालून टकटक किंवा घरघर ऐकू येते.

वाकलेली रिंग पकडीने सरळ करायचा मोह होतो. करू नका. एका जागी सरळ केली की शेजारी उचलते, आणि ब्रेकच्या बाबतीत जमल्यासारखं वाटणं पुरेसं नाही. नवी घाला, आणि त्याच मॉडेलची घाला. दुसऱ्या मॉडेलची रिंग बोल्टला बसते पण खाचांची संख्या वेगळी असते, मग वेग कायम चुकीचा वाचला जातो आणि दोष सापडता सापडत नाही.

आता फट मोजा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, साधारण अर्धा ते दीड मिलीमीटरच्या दरम्यान. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चार-पाच ठिकाणी घालून पाहा. बहुतेक मोटरसायकलींत ही फट कमी-जास्त करायची सोयच नसते. ती चुकत असेल तर काहीतरी वाकलं आहे, ढिलं आहे किंवा चुकीचं बसलं आहे. सेन्सरखाली वॉशर घालून आकडा जुळवणं म्हणजे दोष झाकणं. चाक नुकतंच काढलेलं असेल तर एक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारे कॉलर (अंतर राखणाऱ्या नळ्या) अदलाबदल झालेत का ते आधी पाहा. कॉलर उलटे बसले की चाक एका बाजूला सरकतं आणि फट बिघडते. एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा.

बेअरिंग

उचललेलं चाक वर आणि खाली धरून आलटून पालटून ढकला, मग डावी-उजवीकडून तसंच करा. खटखट जाणवली किंवा फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग गेलं. चाक हललं की रिंगही हलते, म्हणून वळणावर दिवा लागतो आणि सरळ रस्त्यावर नाही. हे एबीएसपेक्षा मोठं काम आहे, चाकाचंच आहे. बेअरिंग बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

वायर आणि कपलर

पुढच्या सेन्सरची वायर दर खड्ड्याला फोर्कबरोबर वर-खाली होते आणि दर वळणाला वाकते. तांबं आतून तुटतं, वरचं रबर शाबूत राहतं. सेन्सरपासून टाकीखालच्या कपलरपर्यंत बोटांनी वायर चाचपत जा. एखादी जागा मऊ, लुळी लागली तर संशय धरा. क्लिप निघालेल्या आहेत का, वायर टायरला घासते का, हँडल दोन्ही टोकांना वळवल्यावर ताणली जाते का, तेही बघा. मागे स्विंगआर्मपाशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी) आणि चेनच्या बाजूला हेच पाहा.

चावी बंद करून कपलर सोडा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, पाणी किंवा मागे सरकलेली पिन सापडली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि टिक आवाज येईपर्यंत बसवा. पावसातच लागणारा दिवा बऱ्याचदा एवढ्यावर जातो. पुढे गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सेन्सर, कपलर आणि मॉड्युलेटरवर धरू नका.

तुटलेली वायर पीळ मारून आणि टेप गुंडाळून जोडू नका. जोडाचा रेझिस्टन्स बदलत राहतो आणि महिन्याभरात दिवा परत येतो. सेन्सर वायरीसकट बदलावा.

कोड वाचणं

युनिट प्रत्येक दोष एका कोडने नोंदवून ठेवतं. काही गाड्यांत, विशेषतः होंडाच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये, सर्व्हिस कपलरच्या ठरावीक पिना जोडल्या की एबीएसचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. कोणत्या पिना, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाजाने पिना जोडल्या तर युनिट जळू शकतं. बाकी गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र, लागतो.

कोडचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'पुढचा सेन्सर' असा कोड आला म्हणजे पुढचा सेन्सर गेला असं नाही. पुढच्या चाकाकडून ठोके नीट येत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. रिंग, फट, बेअरिंग, वायर, कपलर आणि सेन्सर यांपैकी काहीही असू शकतं, म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी वरच्या सगळ्या पायऱ्या. स्कॅनरवर चालू वेग दिसत असेल तर चाक हाताने फिरवून बघा. आकडा सलग वाढतो-घटतो का, की एका जागी शून्यावर पडतो?

मल्टिमीटरच्या ओहमवर सेन्सर तपासायची सवय जुन्या, साध्या कॉइलच्या सेन्सरपुरती ठीक आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला ओहम मोड लावल्यास आकड्याला अर्थ नसतो आणि सर्किट खराब होण्याची भीती असते.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ठरावीक पाणी शिरल्यावर तोच उत्कलनबिंदू किमान १५५ अंश एवढाच धरलेला आहे. शिवाय त्या पाण्याने मॉड्युलेटरच्या आतले बारीक व्हॉल्व्ह गंजतात आणि चिकटतात. खरोखर गेलेले जे मॉड्युलेटर मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत ऑइल चहासारखं काळपट होतं. साधारण दर २ वर्षांनी ते बदला, आणि डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते एबीएसमध्ये घालू नका. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट आहे.

डब्यातलं ऑइल कमी झालं असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळतंय. आधी ते शोधा.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर हत्यारं खाली ठेवा आणि एबीएसचा स्कॅनर असलेल्या जाणकार मेकॅनिककडे जा:

लिव्हर मऊ, स्पंजसारखा झाला आहे किंवा हँडलपर्यंत येतो. या अवस्थेत गाडी चालवतही नेऊ नका. साध्या ब्लीडिंगने नळ्या आणि कॅलिपरमधली हवा निघते. मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा काढायला पंप आणि व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवावे लागतात, ते घरी होत नाही.

ब्रेक ऑइल कुठेही गळतंय. कोड पंप, व्हॉल्व्ह किंवा युनिटचा आहे. नवा फ्यूज लगेच उडतो. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्या आणि दिवा तसाच आहे.

मॉड्युलेटर उघडायचा नाही, हेही याच यादीत. आतले भाग सुटे मिळत नाहीत, आणि स्वच्छ खोलीत जुळवलेलं यंत्र घरच्या टेबलावर परत तसं जुळत नाही. तसंच, दिवा दिसू नये म्हणून फ्यूज काढून किंवा बल्ब तोडून गाडी वापरू नका. तुमच्यानंतर ती गाडी जो कोणी चालवेल त्याला एबीएस आहे असंच वाटत राहील.

मेकॅनिककडे जाताना लिहून न्या: दिवा कधी लागतो, कोणत्या वेगाला, पावसात की कोरड्यात, चावी बंद केल्यावर जातो का, आणि त्याआधी चाक, टायर, डिस्क, बॅटरी यांपैकी कशाला हात लागला होता. कोड पुसण्याआधी त्याची नोंद करायला सांगा. पुसला की तो पुरावा गेला.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर गाडी चालवा. पॅड मागे ढकलले गेले असतील तर निघण्याआधी लिव्हर आणि पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणार नाही. दिवा विझला की हळू वेगात हलके ब्रेक मारून थांबता थांबता थरथर येते का पाहा. मग ताशी ३० च्या आसपास, गाडी उभी आणि सरळ ठेवून, आधी फक्त मागचा ब्रेक जोरात दाबा. मागच्या चाकाला एबीएस असेल तर पेडल टकटक करेल आणि चाक घसरणार नाही. पुढच्याच चाकाला एबीएस असलेल्या गाडीचं मागचं चाक मात्र जाम होईल, तो दोष नाही. पुढच्या ब्रेकची अशी जोराची चाचणी वाळूवर किंवा ओल्यावर करू नका, आणि सवय नसेल तर ती मेकॅनिकलाच करू द्या.

त्यानंतर आठवडाभर दिव्याकडे लक्ष ठेवा. एखादा पाऊस आणि एखादा खराब रस्ता पार पडेपर्यंत मी कोणतीही गाडी बरी झाली असं धरत नाही.